आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलीसाठी लॅपटॉप: ९० हजार नेमके कशावर घालावेत?

प्रश्न: माझी मुलगी कोल्हापूरला बी.आर्क.च्या दुसऱ्या वर्षात गेली आहे. पहिलं वर्ष ड्रॉइंग बोर्ड आणि टी-स्क्वेअरवर निघालं. आता ऑटोकॅड, स्केचअप ही डिझाइनची सॉफ्टवेअर आणि पुढच्या सत्रात रेव्हिट आहे, त्यामुळे लॅपटॉप हवाच म्हणते. आमच्याकडे ९० हजार आहेत, त्यातले निम्मे डिसेंबरात पूर्ण होणाऱ्या आरडीतले, म्हणजे ती आधीच मोडावी लागेल. इथला दुकानदार कोअर आय७चा पातळ लॅपटॉप दाखवतो आणि ‘आठ जीबी ग्राफिक्स आहे’ म्हणतो. पुण्यातला भाचा म्हणतो, गेमिंग लॅपटॉप घे. मुलीच्या मैत्रिणींकडे मॅकबुक आहेत, तिला तोच आवडलाय. गेमिंग म्हटल्यावर तिचे बाबा नकोच म्हणतात. पाचव्या वर्षी थिसिस होईपर्यंत पुन्हा लॅपटॉप घेणं आम्हाला जमणार नाही. काय करावं?
– एक आई, मिरज

उत्तर: ताई, भाच्याचं ऐका. मात्र ‘गेमिंग लॅपटॉप द्या’ एवढंच म्हणत दुकानात गेलात, तर तिथेही चुकीचं मशीन गळ्यात पडू शकतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य शेवटचं आहे. चार वर्षं पुन्हा घेता येणार नाही, तर निवड त्यावरूनच व्हायला हवी. रॅम (चालू कामाची मेमरी) आणि एसएसडी (फाइल साठवायची जागा) बऱ्याच मॉडेलांत नंतर वाढवता येतात. मागचं झाकण उघडून थोड्या वेळात काम होतं. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि उष्णता बाहेर टाकणारे पंखे मात्र पहिल्या दिवशी जे मिळाले तेच शेवटपर्यंत. पडदाही कोणी मुद्दाम बदलत बसत नाही. तुमच्या ९० हजारांतला मोठा वाटा या न बदलणाऱ्या गोष्टींवर जायला हवा. दुकानदाराने दाखवलेल्या मशीनमध्ये तो पातळपणावर, कमी वजनावर आणि आय७च्या स्टिकरवर गेला आहे.

तुमची लेक लॅपटॉपवर काय करणार, ते आधी बघू. ऑटोकॅडमध्ये प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन काढणं हे हलकं काम आहे. त्यावरून लॅपटॉप ठरवू नका. थ्रीडी मॉडेल बनवायचं स्केचअपही सुरुवातीला सहज चालतं. पुढे झाडं, गाड्या, फर्निचर अशी तयार मॉडेलं त्यात येऊन पडतात, फाइल जड होते आणि मॉडेल फिरवताना ते अडकायला लागतं. रेव्हिटचा स्वभाव निराळा आहे. त्यात भिंत, खिडकी, जिना, स्लॅब हे सगळं एकमेकांशी बांधलेलं असतं. एका मजल्याची उंची बदलली की त्यावर अवलंबून असलेलं सगळं नव्याने मोजलं जातं, आणि हा हिशेब बराचसा प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे हिशेब करणाऱ्या एकाच भागावर, चालतो. त्यामुळे रेव्हिटला खूप कोअर असण्यापेक्षा एकेका कोअरचा वेग जास्त उपयोगी पडतो, आणि रॅम भरपूर लागते.

लॅपटॉपची खरी परीक्षा पुढे असते. तिसऱ्या वर्षाच्या आसपास मुलं एन्स्केप, ल्युमिऑन, डी५ किंवा ट्विनमोशन अशा रेंडरिंगच्या, म्हणजे मॉडेलवरून खऱ्यासारखं चित्र बनवणाऱ्या, प्रोग्रॅमांकडे वळतात. संध्याकाळच्या उजेडातला व्ह्यू, आतून-बाहेरून वॉकथ्रू, हे सगळं त्यात होतं. या प्रोग्रॅमांचा जवळजवळ सगळा भार ग्राफिक्स कार्डावर असतो. मॉडेल, विटेचं आणि लाकडाचं टेक्स्चर, गवत, झाडं, हे सगळं कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत, म्हणजे व्हीरॅममध्ये, एकाच वेळी मावावं लागतं. मावलं नाही तर काम रांगत चालतं किंवा प्रोग्रॅम बंद पडतो. ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायच्या, आदल्या रात्री रेंडर अर्ध्यावर क्रॅश होतं तेव्हा मुलांना वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. पुष्कळदा मुलाचं काही चुकलेलं नसतं, घरच्यांनी घेतलेल्या कार्डाची मेमरी कमी पडलेली असते. हे वाईट वाटतं, कारण तेवढ्याच पैशांत ते टळलं असतं.

आता ते ‘आठ जीबी ग्राफिक्स’. लॅपटॉपमध्ये स्वतंत्र कार्ड नसलं, तरी विंडोज एकूण रॅमच्या साधारण निम्मी रॅम ग्राफिक्सला उसनी घेता येईल असं दाखवतं. मशीन १६ जीबीचं असेल तर ती आठ जीबी होते. ती ग्राफिक्सची स्वतःची नसते आणि कार्डाच्या व्हीरॅमच्या मानाने खूप संथ असते. दुकानदार खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही, त्याला कंपनीच्या माणसाने तसं सांगितलेलं असू शकतं. तुम्ही स्वतः बघा. दुकानात तो लॅपटॉप सुरू करायला सांगा, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन जीपीयूवर (म्हणजे ग्राफिक्सवर) क्लिक करा आणि ‘डेडिकेटेड जीपीयू मेमरी’ पुढचा आकडा वाचा. तिथे काहीच नसेल किंवा किरकोळ आकडा असेल, तर ते मशीन तुमच्या मुलीच्या कामाचं नाही, मग त्यावर आय७ लिहिलेलं असो की आय९.

आय७चंही सांगतो, कारण या एका नावावर आपल्याकडे फार पैसे जातात. प्रोसेसरच्या नावात शेवटी जे अक्षर असतं ते सुरुवातीच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं. उदाहरणार्थ, कोअर आय७-१३५५यू. त्यात दोन वेगवान आणि आठ छोटे कोअर आहेत आणि तो मुळात १५ वॉटवर चालण्यासाठी बनवला आहे. कोअर आय५-१३५००एच मध्ये चार वेगवान आणि आठ छोटे कोअर आहेत, मूळ वीज ४५ वॉट. चार-दोन सेकंदांच्या कामात दोघांत फारसा फरक जाणवत नाही. पण तास-दीड तास रेव्हिट, मागे फोटोशॉप आणि मधूनच रेंडर असं चालू झालं की ‘यू’ लवकर दम टाकतो आणि ‘एच’ टिकून राहतो. नाव मात्र त्याचं आय५, म्हणून दुकानात तो कमी दर्जाचा वाटतो. तुम्ही ‘एच’ किंवा ‘एचएक्स’ बघा. ‘यू’ हे अक्षर कार्यालयीन कामाच्या, बॅटरी जास्त चालावी अशा लॅपटॉपांसाठी असतं, तिथे ते चांगलंच आहे.

एएमडी कंपनीच्या रायझेन प्रोसेसरमध्येही ‘एचएस’ किंवा ‘एचएक्स’ बघा. तिथे आणखी एक पेच आहे. ७००० मालिकेतल्या चार आकड्यांपैकी तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी सांगतो. ७८४०एचएस ही झेन ४ रचना, ७७३५एचएस ही त्याआधीची झेन ३ प्लस. दोन्हींची सुरुवात सातनेच होते, म्हणून दोन्ही एकाच वर्षाचे भाऊ वाटतात. ७७३५एचएस वाईट नाही, पण त्याला नव्याची किंमत देऊ नका.

ग्राफिक्स कार्ड एनव्हीडियाचंच घ्या. एएमडीची कार्डंही चांगली असतात, पण रेंडरिंगच्या पुष्कळ सोयी एनव्हीडियासाठी आधी आणि नीट बनतात, आणि व्ही-रेसारख्या रेंडरिंगच्या प्रोग्रॅमचं कार्डावरचं रेंडरिंग तर मुख्यतः त्याच कार्डांसाठी बनलेलं आहे. तुमच्या पैशांत आरटीएक्स ४०५० बसायला हवं. त्यात ६ जीबी व्हीरॅम असते, आणि चार वर्षांसाठी मी त्याच्या खाली उतरणार नाही. ४ जीबीचं आरटीएक्स ३०५० अजूनही स्वस्तात दाखवतात. दुसऱ्या वर्षाला ते पुरेल, थिसिसला पुरणार नाही. आरटीएक्स ५०५० किंवा ४०६० मध्ये ८ जीबी येते. एखाद्या सवलतीत पाच-सात हजारांच्या फरकाने ते मिळत असेल, तर तो फरक द्या. या सगळ्या यादीत वाढीव पैसे घालण्यासारखी सगळ्यात चांगली जागा हीच.

इथे एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. एकाच नावाचं कार्ड वेगवेगळ्या लॅपटॉपांत वेगवेगळ्या ताकदीवर चालतं. लॅपटॉपचं ४०६० हे ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कुठेही बांधलेलं असू शकतं. पातळ मशीनमध्ये उष्णता बाहेर जायला जागा नसते, म्हणून कंपनी त्याची वीज कमी ठेवते. त्यामुळे कमी विजेवर अडवलेल्या ४०६० पेक्षा पूर्ण विजेवरचं ४०५० घेणं पुष्कळदा शहाणपणाचं ठरतं. हा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात टीजीपी किंवा ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’ या नावाने असतो. तिथे नसेल तर लॅपटॉपमधल्या एनव्हीडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडून बघता येतो. नव्वदच्या पुढे वॉट असतील तर समाधानाने घ्या.

लेनोवो एलओक्यू, एचपी व्हिक्टस, असूस टफ, एसर नायट्रो ही या किमतीतली नेहमीची नावं. पण नावावर जाऊ नका. एकाच नावाखाली डझनभर प्रकार विकले जातात, कार्ड निराळं, पडदा निराळा, रॅमच्या जागा निराळ्या. खोक्यावरचा किंवा लॅपटॉपच्या पोटावरचा पूर्ण मॉडेल नंबर घ्या आणि कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच नंबराची माहिती वाचा. लेनोवोची तर पीएसरेफ नावाची वेगळी साइट आहे, त्यात प्रत्येक प्रकारातला पडदा आणि रॅमच्या जागा लिहिलेल्या असतात.

रॅम. ऑटोकॅड आणि रेव्हिट बनवणाऱ्या ऑटोडेस्क कंपनीच्या अलीकडच्या शिफारशींत रेव्हिटसाठी सुरुवात १६ जीबीपासून होते आणि मधल्या पायरीला ३२ सांगितली आहे. आज १६ घ्या, पण दोन स्लॉट आहेत आणि रॅम बोर्डावर चिकटवलेली नाही, हे पक्कं करून घ्या. त्याच टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलं की ‘स्लॉट्स यूज्ड’ दिसतं. ‘१ ऑफ २’ असेल तर १६ची एकच पट्टी आहे. चौथ्या वर्षी दुसरी बसवली की ३२ झाली. ‘२ ऑफ २’ म्हणजे आठ-आठच्या दोन. वेगाला ते आज बरं, पण वाढवताना दोन्ही काढाव्या लागतील. मी पहिल्याला पसंती देईन. २०२५च्या अखेरीपासून रॅमच्या किमती बऱ्याच चढल्या आहेत, तेव्हा असलेली पट्टी फेकून नव्या दोन घेणं परवडायचं नाही. ८ जीबीवर सुरुवात करून ‘नंतर बघू’ असं करू नका. ८ वर विंडोज, ब्राउझर आणि रेव्हिट एकत्र नांदत नाहीत.

एसएसडी ५१२ जीबीची चालेल, एम.२ची, म्हणजे एसएसडी बसवायची, दुसरी जागा रिकामी असेल तर उत्तम.

पडद्याकडे मात्र बघाच, कारण याच किमतीत कंपन्या सगळ्यात जास्त काटकसर तिथे करतात. माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलं असेल तर तो पडदा रंग फिके दाखवतो. पडद्यावरच्या कामासाठी आणि वेबसाठी जी साधी रंगमर्यादा, म्हणजे एसआरजीबी, मानतात तिचा साधारण ६० टक्क्यांच्या वरचा भाग तेवढा तो दाखवू शकतो. अशा पडद्यावर मुलगी विटेचा तांबडा आणि गवताचा हिरवा डोळ्यांना बरा दिसेपर्यंत गडद करत नेते, आणि ए१ आकाराची शीट छापून आली की सगळं भडक. ‘१०० टक्के एसआरजीबी’ लिहिलेला प्रकार शोधा. १४४ हर्ट्झ, १६५ हर्ट्झ, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा ताजा होतो, या आकड्यांचा तिच्या कामाशी संबंध नाही. १५.६ किंवा १६ इंच आकार घ्या, १४ इंचावर रेव्हिटच्या पट्ट्या आणि प्लॅन एकत्र मावत नाहीत.

मॅकबुकबद्दल थोडक्यात. मशीन सुंदर असतं, बॅटरी दिवसभर जाते, पडदा वरच्या दर्जाचा. पण रेव्हिट फक्त विंडोजवर चालतं, थ्रीडीएस मॅक्स हा थ्रीडी मॉडेलचा प्रोग्रॅमही तसाच. २०२०च्या अखेरीपासून आलेल्या ॲपलच्या स्वतःच्या चिपवर पूर्वीसारखं बूट कॅम्प या ॲपलच्या सोयीने विंडोज टाकता येत नाही. दुसऱ्या मार्गाने चालवलं तरी रेव्हिटसाठी त्याला अधिकृत पाठबळ नाही. रॅम आणि साठवण दोन्ही नंतर वाढत नाहीत. मुलगी ग्राफिक डिझाइन शिकत असती तर मी मॅकबुकच सांगितला असता. मैत्रिणींचं कसं चालतं हे तिला विचारून बघा, बहुतेक त्या रेव्हिटच्या वेळी कॉलेजच्या लॅबमध्ये बसणार असतील. याच कारणाने स्नॅपड्रॅगन चिपचे नवे विंडोज लॅपटॉपही तिच्यासाठी नकोत. ते दिसतात विंडोजसारखे, पण आतली रचना मोबाइलच्या घराण्यातली आहे आणि डिझाइनचे जड प्रोग्रॅम त्यांच्यासाठी बनलेले नाहीत.

बाबांची काळजी मला समजते. त्यांना एवढं सांगा: बैलाची ताकद नांगराला लावायची की शर्यतीला, हे हाकणाऱ्यावर असतं. गेम आणि रेंडर या दोन्हींना एकच गोष्ट लागते, तिन्ही मिती आणि उजेडाचा हिशेब झपाट्याने करणारं कार्ड. ‘डिझायनरांसाठी’ म्हणून वेगळे विकले जाणारे लॅपटॉप याच कार्डावर वीस-तीस हजार जास्त घेतात. वर्कस्टेशन म्हणून जे येतात, त्यांच्या कार्डांचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) सॉलिडवर्क्स, कॅटियासारख्या यंत्रांच्या डिझाइनच्या प्रोग्रॅमांसाठी प्रमाणित केलेले असतात. मेकॅनिकलच्या मुलाला त्याचा उपयोग असतो, आर्किटेक्चरला नाही. हल्ली साध्या काळ्या-करड्या रंगाचे, दिव्यांची रोषणाई नसलेले गेमिंग लॅपटॉप मिळतात. बाबांना तो दाखवा. आणि दुसरं, जिने वर्षभर बोर्डावर वाकून शीट पुऱ्या केल्या आहेत, तिच्यावर विश्वास ठेवायला काय हरकत आहे?

वजनाचा त्रास खरा आहे. मशीन सव्वादोन-अडीच किलोचं आणि चार्जरची वीट वेगळी. बॅटरीवर कार्ड पूर्ण ताकदीने चालत नाही, म्हणून रेंडर करताना प्लग हवाच. हॉस्टेल आणि स्टुडिओ यांत रोज ये-जा असेल तर पाठीवर बसणारी, पट्टे रुंद असलेली बॅग घ्या.

आरडीचं. पुढच्या सत्रात रेव्हिट आहे आणि या सत्रात फक्त ऑटोकॅड आणि थोडं स्केचअप, तर कॉलेजची लॅब संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडी असते हे मुलीला विचारायला सांगा. लॅबवर भागत असेल तर आरडी मोडू नका, डिसेंबरात घ्या. तुम्हाला व्याज मिळेल आणि तिला रेव्हिट सुरू होण्याआधी मशीन मिळेल. किमती उतरतील या आशेवर मात्र थांबू नका, रॅमचा बाजार पाहता तसा भरवसा देता येत नाही. लॅब पाचला बंद होत असेल तर आत्ताच घ्या. सबमिशनच्या आठवड्यात दुसऱ्या मुलीच्या लॅपटॉपसाठी ताटकळत बसणं फार अवघड असतं.

सॉफ्टवेअरसाठी वेगळे पैसे ठेवायची गरज बहुधा पडणार नाही. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ऑटोकॅड, रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स फुकट देतं. कॉलेजचा पुरावा द्यावा लागतो आणि परवाना दर वर्षी नव्याने घ्यावा लागतो. ब्लेंडर हा थ्रीडीचा प्रोग्रॅम सगळ्यांनाच मोफत आहे. स्केचअपचा विद्यार्थी परवाना विकत असतो, पण दर कमी आहे. दुकानदार ‘सगळं टाकून देतो’ म्हणेल, पेनड्राइव्हवरून. नको म्हणा. त्या चोरीच्या प्रतींबरोबर काय काय येतं याचा भरवसा नसतो, आणि चार वर्षांचं काम त्याच मशीनवर राहणार आहे. मात्र विंडोज ११ मूळ परवान्यासह आलेलं आहे ना, हे बिल करण्याआधी बघा.

लॅपटॉप घरी आला की मुलीला दोन गोष्टी करायला सांगा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स या वाटेने जाऊन स्केचअप, रेव्हिट आणि रेंडरचा प्रोग्रॅम यांना ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवायचं. हे न केल्यास कधीकधी प्रोग्रॅम महागडं कार्ड सोडून आतल्या साध्या ग्राफिक्सवरच चालत राहतो, आणि नवा लॅपटॉपही संथ का, अशी तक्रार होते. आणि एनव्हीडियाचा ‘स्टुडिओ’ ड्रायव्हर टाकायचा, तो डिझाइनच्या प्रोग्रॅमांवर तपासलेला असतो.

गादीवर ठेवून रेंडर लावायचं नाही, खालची जाळी गुदमरते. टेबलावर ठेवून मागची बाजू थोडी उचललेली असावी. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय कंपनीच्या ॲपमध्ये असते, प्लगला लावून काम करणाऱ्यांनी ती चालू ठेवावी. हॉस्टेलच्या खोलीत तीन पिनी, अर्थिंग असलेला सॉकेट आहे का ते एकदा बाबांना बघून यायला सांगा.

हमी साधारणपणे एक वर्षाची असते. घेतानाच ती वाढवायला मिळाली आणि त्यात पडणं, सांडणं धरलेलं असेल तर घ्या. स्टुडिओत चहाचे कप आणि लॅपटॉप एकाच टेबलावर असतात. ९० हजारांतून तीन-चार हजार त्यासाठी बाजूला ठेवा, आणि तेवढेच एका बाहेरच्या हार्ड डिस्कसाठी. रोज रात्री चालू प्रोजेक्टची फाइल तारखेच्या नावाने तिच्यावर उतरवायची, जुनी पुसायची नाही. मॉडेल ठरलं की बिल करण्याआधी पूर्ण मॉडेल नंबर मला कळवा, मी बघून सांगतो.